नऊ ठिपक्यांचं कुलूप

भाऊजी, परवा तुमचं तेरावं झालं आणि काल शनिवार होता. वर्ग भरवला. या आठवड्यात राहू द्या म्हणणारे होते, पण तुम्हाला सुट्टी किती खुपायची ते मला ठाऊक. दिवाळीत सुद्धा हॉलच्या किल्ल्या खिशात घालून फिरायचात. तेव्हा म्हटलं, भरवू या.

मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा असा निरोप आलाय. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी कुठे, निवृत्त कधी झालात, असं सगळं ओळीनं हवंय त्यांना. मी सांगितलं, ते सुमनकडून घ्या. बायकोला नवऱ्याचं सगळं माहीत असतं. मला भावजयीला काय ठाऊक? तुम्ही बडोद्याला छाणीच्या बाजूच्या कारखान्यात दाब मोजायची यंत्रं दुरुस्त करायचात आणि घरी आलात की माझा रक्तदाब वाढवायचात, एवढंच मला ठाऊक.

हे लिहिताना तो टॅब माझ्या मांडीवर आहे. मागे पांढरी पट्टी, तिच्यावर तुमच्या तिरक्या अक्षरात 'वहिनी'. बटण दाबलं की उजळतो, नऊ ठिपके दाखवतो आणि तिथेच थांबतो. रेघ कुठल्या ठिपक्यापासून सुरू करायची आणि कुठून वळवायची, ते तुम्हालाच माहीत होतं. तीन वर्षं तुम्ही हा टॅब माझ्या हातात द्यायला बघत होतात आणि तीन वर्षं मी हात मागे घेत होते. आता हातात घेतलाय तर उघडत नाही. आपलं भांडणही तसंच अर्ध्यावर राहिलं. ते तरी पुरं करावं म्हणून लिहायला बसले.

हे गेले ना, तेव्हापासून सुरू करते. तुम्हाला आठवतंय का, मी दारातल्या ओट्यावर नुसती बसून असायची. स्वैपाक करायचा कुणासाठी, असं व्हायचं. रोज संध्याकाळी तुम्ही शेजारच्या दारातून यायचात, झोपाळ्यावर बसायचात आणि म्हणायचात, "वहिनी, चहा आहे का?" मी उठायची, गॅस पेटवायची, आलं किसायची. पुढे केव्हातरी सुमन सहज बोलून गेली, "घरी माझ्या हातचा चहा पिऊन निघतात आणि ताई, तुमच्याकडे दुसरा मागतात. यांना काय झालंय कळत नाही." मला मात्र कळलं. मी तुम्हाला ते कधी बोलून दाखवलं नाही. चहा करत राहिले.

आणि मग माझा वर्ग सुरू झाला तो त्याच ओट्यावर. बडोद्याच्या गोरव्यात आपल्या सोसायटीत मराठी घरं ती कितीशी. पोरं सकाळी इंग्रजी शाळेत, संध्याकाळी गुजरातीत खेळणार, टीव्ही हिंदीत, आणि मराठी फक्त आई चिडली की. माझे दोन नातू घेऊन बसले, त्यांच्याबरोबर शेजारची आली, मग पलीकडच्या लेनमधली. ओटा पुरेना म्हणून सोसायटीचा हॉल मागितला. मी सातवी शिकलेली बाई. पुढचं जे काय आलं ते पोरांना शिकवता शिकवताच आलं. त्यामुळे एखादं उत्तर येत नसलं तर मला त्यात काही कमीपणा वाटायचा नाही, आणि वर्गाचा नियमही त्यातूनच निघाला. पोरं गोल करून बसायची. अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं. शेजाऱ्यालाही येत नसेल तर दोघांनी मिळून पुढच्याला. तिघांना येत नसेल तर तिघांनी. असं फिरत फिरत कुणालाच नाही आलं तर मग आजी.

तुम्ही पहिल्यांदा हॉलच्या दारात उभे राहून हे बघितलंत तो दिवस मला लख्ख आठवतो. ओंकारचं पाऊण अडलं होतं. इंग्रजी शाळेतली पोरं, पाऊण त्यांना कुठून कळणार? त्यानं हेतवीला विचारलं. हेतवीनं ठामपणे सांगितलं, पाऊण म्हणजे पावाच्या आतलं. दोघं पुढे सरकली. तिसरा ओरडला, "अरे, पोणो! पोणो म्हणतात ने दूधवाले काका, तेच!" मग पोणो म्हणजे किती यावर भांडण लागलं. शेवटी एकीनं डब्यातल्या थेपल्याचे चार तुकडे केले, एक खाऊन टाकला आणि उरलेले वर धरले. "हे पाऊण." माझ्यापर्यंत प्रश्न पोचलाच नाही. तुम्ही दारातून हसत म्हणालात, "वहिनी, तुम्हाला पगार कशाचा द्यायचा?"

"न बोलण्याचा," मी म्हटलं. "तुम्हाला तो कधीच मिळणार नाही."

मग तो लॉकडाऊन आला नि गेला. घराघरांत पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले टॅब कपाटात जाऊन पडले. कुणाची काच फुटलेली, कुणाची बॅटरी फुगलेली. तुम्हाला दुरुस्तीला काहीतरी हवंच होतं. जुन्या सहकाऱ्यांकडून, भाचेसुनेकडून, ओळखीच्या अनोळखी माणसांकडून तुम्ही ते गोळा करत सुटलात. एका फुटक्या टॅबसाठी स्कूटरवरून पादरा गावापर्यंत गेलात आणि पाठ धरली म्हणून दोन दिवस आडवे पडलात. जेवणाच्या टेबलावर चिमटे, छोटे स्क्रू, उघडी पडलेली यंत्रं. सुमन माझ्याकडे यायची रडकुंडीला. "ताई, जेवायला बसावं तर समोर मुडदे पसरलेले. तुम्ही तरी सांगा."

मी काय सांगणार? तुमचा चेहरा तेव्हा असा दिसायचा की जणू पहिल्यांदाच नोकरीला लागलायत.

खरं सांगायचं तर तुम्ही कष्ट केलेत भाऊजी. बाजारातले तयार धडे नाही घेतलेत. "ते कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या पोरांसाठी असतात, आपल्या पोरांना त्यातलं आगगाडीचं गणित कळेल पण सेव उसळीचं आपलं वाटेल," म्हणायचात. दुपारी दारं खिडक्या लावून घ्यायचात आणि स्वतःच्या आवाजात धडे भरायचात. मांडवीच्या दरवाजापासून न्यायमंदिरापर्यंत किती पावलं, सेव उसळीच्या एका प्लेटमध्ये पाव किती, मित्र आला तर वाटणी कशी. पाऊण शिकवायला पोळीचं चित्र काढलंत, तुकडे आपोआप सुटे व्हायचे. मध्येच बाहेरून भाजीवाल्याची हाक ऐकू येते त्या धड्यात. सुमन म्हणाली पुसून टाका ती. तुम्ही म्हणालात, राहू दे, पोरांना वाटेल आजोबा खरंच घरी आहेत.

पहिला दिवस. प्रत्येक पोराला स्वतःचा टॅब, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. हॉलमध्ये एवढी शांतता की पंख्याचा आवाज यायला लागला. तुम्ही माझ्याजवळ येऊन कुजबुजलात, "ऐका वहिनी. टाचणी पडली तर ऐकू येईल."

"मला टाचणी नाही ऐकायची," मी म्हटलं. "मला पोरं ऐकायचीत."

तिथून भांडण लागलं ते लागलंच. रोज संध्याकाळी तुम्ही झोपाळ्यावर, मी पायरीवर, मध्ये चहा. तुमचं म्हणणं, यंत्र थकत नाही. शंभरदा विचारा, शंभरदा त्याच आवाजात सांगतं. माझं म्हणणं, शंभरदा विचारल्यावर माणूस चिडतो, आणि चिडलेल्या माणसाला कसं समजावायचं हेही पोरानं शिकायला नको का? तुम्ही म्हणायचात, तुमच्या गोलात बोलकी पोरं बोलतात, बुजरी बुजरीच राहतात. "ध्रुवकडे बघा ना एकदा."

ध्रुव बोलताना अडखळायचा. गोलात त्याची पाळी आली की तो पाणी प्यायला जायचा. मी म्हटलं, म्हणूनच तर त्याला शेजारी हवा.

"शेजारी हसतो, वहिनी. हे हसत नाही."

मी कप उचलून आत गेले, तुम्हाला वाटलं रागावले.

मग मी ध्रुववर नजर ठेवली. कोपऱ्यात बसून, हेडफोन घालून तो तुमच्या आवाजामागोमाग गोष्ट वाचायचा. एकच वाक्य पुन्हा, पुन्हा. कुणी बघत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं, कुणी त्याचा शब्द पुरा करून देत नव्हतं. आणि श्रावणात कधीतरी एका शनिवारी त्यानं आपणहून हात वर केला. गोलात बसून अख्खा परिच्छेद वाचला. मध्ये अडखळला, थांबला, पुढे गेला. शेवटच्या शब्दावर पोचला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मी वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही रुमालानं एका टॅबची काच पुसत होतात, नको तितकी पुसत होतात, आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हतात. म्हटलं असतंत ना, "बघा वहिनी," म्हणून. नाही म्हणालात. मग मीही काही बोलले नाही. आता बोलते. ध्रुवच्या बाबतीत तुमचंच बरोबर होतं, भाऊजी. पुरतं बरोबर होतं.

पण हेतवीच्या बाबतीत माझं बरोबर होतं, हेही ऐकून घ्या.

तो शनिवार तुम्हाला आठवत असेल. हेतवी एका गणितावर अडली. टॅबमध्ये उत्तर चुकलं की येणारं ते हसरं माकड तिला सांगत होतं, पुन्हा प्रयत्न करा. तिनं पुन्हा केला. माकड पुन्हा तेच. तास संपत आला, पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि तिच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागलेला, ओंकार बसला होता. त्यानं तेच गणित कधीच सोडवून ठेवलं होतं. तिला ते माहीत नाही, त्याला हे माहीत नाही. दोघांचे कान झाकलेले.

त्या संध्याकाळी मी जरा जास्तच बोलले. "तुम्ही प्रत्येक पोराला एकेक पेटी दिलीत, भाऊजी, आणि त्या पेटीत एकेकाला बसवून झाकण लावलंत. तिघांत मिळून एक टॅब द्या. बाकीचे ठेवा कपाटात."

तुमचा झोपाळा थांबला. "एवढे जमवले, एवढे जोडले, ते कपाटात ठेवायला?"

"मग पोरं कपाटात ठेवा."

सुमन दारात उभी होती, ती म्हणाली, "ताई, पुरे." तुम्ही चहा संपवलात, कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "बघतो."

तुमचं हे 'बघतो' सगळ्या खानदानाला माहीत होतं. मिक्सर बंद पडला, बघतो. घड्याळ मागे पडतंय, बघतो. म्हणजे आता ते यंत्र पार सुटं होणार आणि चार दिवस कुणी काही विचारायचं नाही. पण या वेळी तुम्ही काय सुटं करताय ते मला कळलं नाही. मला वाटलं, रागावलात.

पुढच्या शनिवारी बघते तर प्रत्येक टॅबला कुलूप. नऊ ठिपके, त्यांतून बोटानं रेघ ओढायची, बरोबर निघाली तरच उघडणार. पाठीमागे रंगीत टिकल्या चिकटवलेल्या, निळी, पिवळी, जांभळी. आणि टॅब वाटताना पत्त्यांसारखे पिसून वाटायचे, म्हणजे कुणाला कुठला येईल त्याचा नेम नाही.

"आता कुलपं पण?" मी म्हटलं. "वा! झाकण होतं, त्यावर कडी आली."

"आयांची तक्रार आहे, पोरं कार्टून बघतात," तुम्ही म्हणालात. वर मलाच चिडवलंत, "तुम्हाला तर आवडायला हवं. तुमच्या दारातली ठिपक्यांची रांगोळीच आहे ही. फक्त पुसायला झाडू लागत नाही."

त्यानंतर वर्गात गोंधळ वाढला. तास सुरू झाला की पोरं उठतायत, इकडून तिकडे जातायत, वाकून कुणाच्या तरी टॅबवर बोट फिरवतायत, परत येतायत. धडा संपला की पुन्हा कुलूप, पुन्हा उठबस. मी ओरडायची, "काय बाजार मांडलाय? बसा ने खाली!" बडोद्यात पन्नास वर्षं काढल्यावर माझ्याही तोंडात गुजराती 'ने' आलाच. पोरं एकमेकांकडे बघून हसायची. तुम्ही खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले, तुम्हीही हसायचात. मला वाटायचं, या माणसानं शिस्त पार घालवली.

तेव्हाच केव्हातरी तुम्ही हा टॅब माझ्यासाठी तयार केलात. पट्टी लावलीत. हातात द्यायला आलात तर मी म्हटलं, कपाटात ठेवा. "एकदा विचारा तरी, कसं उघडतं ते," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, मला उघडायचंच नाही तर विचारू कशाला? मग ते आपलं रोजचंच झालं. तुम्ही म्हणायचं, विचारा, आणि मी म्हणायचं, नाही विचारत. चहा, झोपाळा, विचारा, नाही विचारत.

दवाखान्यात सुद्धा तेच. श्वास लागत होता तुम्हाला, नाकात नळी. सुमन औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही डोळे उघडलेत, मला बघितलंत. म्हणालात, "वहिनी, तुमचा टॅब कपाटात आहे."

"असू द्या तिथेच."

"विचारा की."

"बरे व्हा आधी. घरी आलात की विचारीन."

हसलात तुम्ही, हसण्याचा खोकला झाला, नर्सबाई येऊन मला बाहेर काढून गेली. भाऊजी, मी ते थाप म्हणून म्हटलं नव्हतं. या खेपेला खरंच विचारणार होते. चहा ठेवून, झोपाळ्यावर तुम्हाला बसवून विचारणार होते.

आता कालचं सांगते.

सुमन पहिल्यांदाच हॉलमध्ये आली. टॅबची ती मोठी पिशवी खांद्याला लावून आली आणि तुमच्या खुर्चीत, खिडकीशी बसली. मला म्हणाली, "ताई, एकही उघडत नाही. रावपुऱ्यात दुकानदाराला विचारलं. तो म्हणतो, सगळं पुसून कोरं करून देतो, दुसरा उपाय नाही."

"पुसून म्हणजे?"

"आतलं सगळं जाणार. यांचे धडे, आवाज, सगळं."

भाजीवाल्याची हाकही जाणार, असं माझ्या मनात आलं, आणि कशी कोण जाणे, तिथेच माझा धीर सुटला. तेरा दिवस नव्हता सुटला. तुमच्या यंत्रांशी मी एवढी भांडले आणि आता ती कोरी होणार म्हणून मलाच रडू यायला लागलं. एकदा वाटलं, राहू दे सगळं, टॅबही नको नि वर्गही नको. पोरांसमोर रडायचं नाही म्हणून मी फळ्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, "आज टॅब नाहीत रे. ते आता उघडणार नाहीत. आजोबांनाच माहीत होतं कुलूप."

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

मग हेतवी म्हणाली, "आजी, पण तू विचारलंसच कुठे?"

"काय विचारायचं?"

"कसं उघडतं ते. आजोबा म्हणाले होते, आजीला आपणहून सांगायचं नाही. तिनं विचारलं तरच सांगायचं. तू कधी विचारलंच नाहीस ने!"

मी वळले. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, एखाद्या आडमुठ्या मुलाकडे बघावं तशी.

"बरं," मी म्हटलं. "कसं उघडतं?"

आणि भाऊजी, अख्खा हॉल उठला.

"निळा मला येतो!" "पिवळा माझा, पिवळा माझा!" "जांभळा ध्रुवला विचारा!" सुमनच्या मांडीवरच्या पिशवीतून टॅब निघाले, वाटले गेले, आणि पोरं धावाधाव करत एकमेकांची कुलपं उघडायला लागली. मी हेतवीला धरून थांबवलं. म्हटलं, मला नीट सांग. तिनं तिच्या मास्तरणीच्या आवाजात सांगितलं. प्रत्येक टॅबची रेघ वेगळी. प्रत्येक रेघ फक्त एकाला माहीत. आपल्याला जो येतो तो आपल्या हातात आला तर बदलून घ्यायचा, आपलं आपण उघडायचं नाही. आणि रेघ कुणाला सांगायची नाही, उठून जायचं आणि उघडून द्यायचं.

"मग जांभळा मिळाला की?"

"मग ध्रुवला बोलवायचं. त्याच्याशिवाय नाही ने उघडत."

मी ध्रुवकडे बघितलं. तो तीन पोरांच्या मध्ये उभा होता. तिघं त्याला हाका मारत होती. पाणी प्यायला जायला त्याला वेळच नव्हता.

म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही रागावला नव्हतात. मी 'पेटी' म्हटलं, 'झाकण' म्हटलं, ते सगळं तुम्ही चहाबरोबर घरी घेऊन गेलात आणि टेबलावर सुटं केलंत. टॅब कपाटात नाही ठेवलेत, तुमचं तुम्ही सोडलं नाहीत. पण एकही पोर दुसऱ्याला विचारल्याशिवाय सुरूच करू शकणार नाही अशी व्यवस्था करून टाकलीत. माझा नियम तुम्ही तुमच्या यंत्रात बसवलात, आणि मी तीन वर्षं त्यालाच गोंधळ म्हणून ओरडत राहिले. खुर्चीत बसून हसताना तुम्हाला किती मजा येत असेल! एकदा तरी म्हणायचंत. पण तुम्ही कसले म्हणताय. घरचा चहा पिऊन आलोय, हे तरी कुठे म्हणाला होतात?

कुणाच्या तरी हेडफोनची वायर निसटली आणि हॉलमध्ये तुमचा आवाज आला. "चला, आता पोळी घ्या. नीट चार भाग करा, घाई नको." मागून भाजीवाला. सुमन खुर्चीतून उठली नाही, नुसता पदर तोंडाशी धरला. त्या पोरानं घाबरून वायर लावायला घेतली. ती म्हणाली, "राहू दे रे. असंच चालू दे." मग सगळ्यांनी तो धडा मोठ्यानं ऐकला, गोल करून. ध्रुव तुमच्याबरोबर बोलत होता, त्याला तो पाठच आहे.

पिशवीच्या तळाशी एक टॅब राहिला. हा. मी वर धरला. "आणि हा कुणाला येतो?"

कुणी उठलं नाही. ओंकार म्हणाला, "तो आजोबांनाच यायचा. ते म्हणायचे, आजी मला विचारेल तेव्हा सांगेन."

मग पोरांनी प्रयत्न केले. प्रत्येकानं आपापली रेघ लावून बघितली, नाही लागली. मी माझ्या दारातल्या रांगोळ्या एकेक काढून बघितल्या, स्वस्तिकासारखी, गोपद्मासारखी, नाही उघडलं. चुकलं की तो टॅब थरथरतो आणि थोडं थांबा म्हणतो. थांबलो. पुन्हा चुकलो. एक पोरगा म्हणाला, याला दुकानात द्या, याच्यात कुठे धडे आहेत, हा तर आजीचा. मी म्हटलं, हा नाही द्यायचा. आत काय आहे कोण जाणे. कदाचित काहीच नसेल. तुमचा काय भरवसा, नुसतं विचारायला लावायला रिकामा टॅब सुद्धा कुलूप लावून ठेवाल.

संध्याकाळी घरी आले, पायरीवर बसले. तुमचा झोपाळा रिकामा. मी चहा ठेवायचा की नाही या विचारात होते, तोवर शेजारचं दार वाजलं. सुमन आली. झोपाळ्यावर बसली, बसताना तो तुमच्यासारखाच करकरला. मग म्हणाली, "ताई, चहा आहे का?"

तिच्या पदराला नुकत्याच किसलेल्या आल्याचा वास येत होता, भाऊजी. घरी करून, पिऊनच आली होती. मी उठले, गॅस पेटवला.

आज पुन्हा आलीय. ही शेजारी बसलीय, मी लिहिते ते वाकून बघतेय आणि म्हणतेय, माझा मुडद्यांचा भाग काढा. काढणार नाही. मघाशी टॅब तिच्यापुढे धरला आणि विचारलं, तुला येतो का हा? बिचारीनं चष्मा लावून बोट फिरवलं, टॅब थरथरला. तिलाही येत नाही.

आता वर्गाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. शेजारणीलाही येत नसेल तर दोघींनी मिळून पुढच्याला विचारायचं. झोपाळा थांबवलाय, चहाचे कप खाली ठेवलेत. दोघी मिळून विचारतोय.

भाऊजी, हे कसं उघडतं?